लाभार्थीचं पूर्ण नाव

बिर्र हे चलन मी आजवर हातात धरलेलं नाही. इथिओपियाबाहेर ते फारसं कुणाच्या हातात नसतंच. आपल्या बँकांत ते मिळत नाही, आणि थोड्याशा रकमेपलीकडे ते देशाबाहेर न्यायला तिथे बंदी आहे. हे मला माहीत असायचं काही कारण नव्हतं. मी कॉमर्सची पदवी घेतली, दोन ठिकाणी अर्ज केले आणि राजारामपुरीत घरापासून चालत दहा मिनिटांवर जे ऑफिस होतं तिथे लागले.

ऑफिस एका दवाखान्याच्या वर आहे. कारखाना शहराबाहेर एमआयडीसीत. तिथे पिठाच्या गिरण्या बनतात, घरगुती नाही, मोठ्या, दगडाच्या, दिवसभर चालणाऱ्या. माझ्या मुलाखतीत मालकांनी एकच प्रश्न विचारला होता, "इंग्लिशमधनं फोनवर बोलायला येतंय काय?" मी हो म्हणाले. ते खरंच होतं. मला जड जातं ते मराठीतून बोलणं, आणि तेही समोरच्याचा आवाज मोठा असला की. कोल्हापुरात बारीक आवाजाचा माणूस शोधावा लागतो. त्यामुळे मी ऑफिसात बहुतेक वेळ ऐकत असते. "ही पोरगी चांगली आहे, उलटं बोलत नाही," असं आमचे अकाउंट्सचे काका पहिल्याच आठवड्यात म्हणाले. तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं.

काका मालकांच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. कागद त्यांच्या हातून गेल्याशिवाय ऑफिसातून बाहेर पडत नाही. हजेरीपटसुद्धा तेच ठेवतात. ऑफिसातली कुणी मुलगी लग्नाच्या रजेवरून परत आली की त्या दिवशी सकाळी काका तांबड्या शाईनं तिचं जुनं नाव खोडतात आणि वर नवं लिहितात. तिला विचारत नाहीत. नवऱ्याचं नाव पत्रिकेवरून आधीच उतरवून घेतलेलं असतं. यात त्यांचा काही दुष्टावा नाही. बहुतेक मुली पेढे देतात आणि सही करतात.

आमच्या काही गिरण्या इथिओपियात विकल्या गेल्या. त्या बसवायला कारखान्यातले एक मिस्त्री तीन महिने तिकडे जाऊन आले. मिस्त्री चंदगड तालुक्यातले. त्याआधी ते बेळगावच्या पलीकडे कधी गेले नव्हते. परत आल्यावर आठवडाभर ऑफिसात कामाच्या निमित्तानं येऊन तिथल्या गोष्टी सांगत बसायचे. त्यातल्या निम्म्या गोष्टी एका बाईच्या असायच्या.

"मॅडम, अक्काचा हात बघायला पायजे हुता तुमी," ते मला म्हणाले. "दगडाला टाकी लावायला आमची पोरं वर्षभर शिकत्यात. तिनं पंधरा दिसांत उचललं. छिन्नी अशी धरायची, जसं काय पेन हाय."

टाकी लावणं म्हणजे गिरणीचा झिजलेला दगड छिन्नीनं पुन्हा खाचा पाडून चरचरीत करणं. दगडाला टाकी नसेल तर पीठ गरम निघतं, चिकट होतं. गिरणी विकणं सोपं, टाकी लावणारा माणूस मिळणं अवघड.

"तुम्ही तिच्याशी बोलायचा कसं?" मी विचारलं.

"कसं म्हंजे? मी कोल्हापुरी, ती तिचं. दोघंबी वरडायचो, काम व्हायचं." मग हसून म्हणाले, "आडनावच न्हाय मॅडम तिकडं. सोताचं नाव, बापाचं, आज्जाचं. खलास. बाईनं लगीन केलं तरी तेच. नवऱ्याचं न्हाय लावत. मी म्हटलं, मग पोस्टमन कसं घर शोधतोय?"

ती एका गॅरेजमध्ये काम करायची. गॅरेज तिच्या दिराचं. नवरा ट्रक चालवायचा, महिना महिना बाहेर. दीर तिला सुटे भाग धुवायला आणि झाडायला ठेवत असे, पाना हातात देत नसे. मिस्त्रींनी परत आल्यावर मालकांपुढे विषय काढला, की आपल्या गिरण्यांची तिकडची दुरुस्ती तिच्याकडे द्यावी. मालकांना पटलं. बाजाराजवळ एक शेड भाड्यानं मिळत होती. तिचं डिपॉझिट आणि सहा महिन्यांचं भाडं कंपनीनं भरायचं, सुटे भाग आपण पाठवायचे, दुरुस्तीची कमाई तिची. करार झाला. तिनं दिराच्या गॅरेजमधलं काम सोडलं. सोडताना मोठं भांडण झालं, हे तिनं मला नंतर सांगितलं. दीर म्हणाला होता, "परत आलीस तर दारातच झाडू ठेवलाय."

आमचं बोलणं मोबाइलवर, इंग्रजीत व्हायचं. दोघींचंही इंग्रजी शाळेतलं. ती मला "सिस्टर" म्हणायची. खाली दवाखान्यात दिवसभर सिस्टर, सिस्टर अशा हाका चालू असत, त्यामुळे तिचा मेसेज आला की मला उगाच आपण कुणाला तरी सुई टोचणार आहोत असं वाटायचं. हे मी तिला लिहिलं तेव्हा तिनं हसणाऱ्या तोंडांची रांग पाठवली. मग शेडचा फोटो. पत्र्याचं छप्पर, आत काहीच नाही, कोपऱ्यात एक मोडकी खुर्ची. तिनं लिहिलं होतं, "इथे दगड. इथे बाक. इथे दारावर माझं नाव."

शेडच्या मालकानं महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. त्याला बिर्रमध्येच पैसे हवे होते, आणि तिचं खातंही बिर्रचंच होतं. म्हणून आम्ही थेट बिर्रमध्ये पैसे पाठवायचं ठरवलं.

ते कसं होतं, हे मला बँकेतल्या परकीय चलन विभागाच्या मॅडमनी फोनवर समजावलं. आमची शाखा ते करत नव्हती, मुंबईची शाखा करायची, आणि तीही मधल्या दोन बँकांच्या हातून. त्या चलनावर बंधनं असल्यामुळे प्रत्येक ठिकाणी कागद तपासले जाणार. पैसे कशासाठी, कुणाला, कोणत्या करारानं. "आणि एक ऐका," त्या म्हणाल्या. "लाभार्थीचं पूर्ण नाव खात्यावर आहे तसंच घाला, अक्षर अन् अक्षर. डॉलर असते तर मागाहून एक मेसेज टाकून नाव दुरुस्त करता आलं असतं. यात तसं होत नाही. चुकलं तर पैसे सगळा रस्ता उलटे फिरून येणार, आणि किती दिवसांनी ते मी सांगू शकत नाही."

मी "हो मॅडम" म्हणाले आणि वहीत लिहून ठेवलं. अक्षर अन् अक्षर. ती वही अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

फॉर्म संगणकावर भरायचा होता. काका माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. नावासाठी तीन चौकोन होते, पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. तिनं तिच्या बँकेचं पत्र पाठवलं होतं, शिक्क्याचं. त्यावर तिची तीन नावं होती. मी पहिलं टाइप केलं, दुसरं सुरू केलं.

"थांब. हे मधलं कुणाचं नाव?" काका म्हणाले.

"वडिलांचं असेल, काका."

"आणि तिसरं?"

"आजोबांचं."

"म्हणजे माहेरचं नाव झालं हे. लग्न झालंय ना तिचं?"

"झालंय."

"मग? बाईमाणसाचं पूर्ण नाव नवऱ्याशिवाय होतंय व्हय? पूर्ण नाव लिहा म्हणतोय फॉर्म. उद्या बँक म्हणेल अपुरं नाव. विचार तिला नवऱ्याचं."

"पण पत्रावर..."

"पत्र जुनं असेल गं. खातं लग्नाआधी काढलं असेल. आपण बरोबर भरायचं."

पत्र जुनं नव्हतं. त्यावर त्याच आठवड्याची तारीख होती. ते माझ्यासमोर, पडद्याच्या अर्ध्या भागात उघडं होतं. मिस्त्रींचं बोलणं मला आठवत होतं, मॅडमचं वाक्य वहीत होतं. मला फक्त बोट ठेवून म्हणायचं होतं, काका, तारीख बघा. मी तोंड उघडलंही असेल. काकांनी मागून खुर्चीची पाठ धरली होती आणि बोटांनी तिच्यावर ताल धरला होता. मालक आतल्या केबिनमधून ओरडले, "झालं काय तिकडं?" काका म्हणाले, "होतंय, पाच मिनिटं."

मी तिला मेसेज केला. नवऱ्याचं नाव आणि त्याच्या वडिलांचं नाव.

तिनं विचारलं, "नवऱ्याचं? का? खातं माझं आहे."

मी लिहिलं, "फक्त फॉर्मसाठी."

तिनं पाठवलं. मी भरलं. पहिल्या चौकोनात ती, मधल्यात तिचा नवरा, आडनावाच्या जागी तिचा सासरा. काका म्हणाले, "आता कसं पूर्ण वाटतंय." आणि खरं सांगायचं तर पडद्यावर ते आपल्याकडच्या कुठल्याही बाईच्या नावासारखं दिसत होतं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले हे मला सांगता येणार नाही, कारण वरवर काहीच घडत नव्हतं. मी रोज बँकेला फोन करायची. मॅडम म्हणायच्या, गेलेत, पोचल्याची खबर नाही. ती रोज तिच्या बँकेत जायची आणि मला मेसेज करायची, "आज नाही." पहिला आठवडा ती पुढे "उद्या" लिहायची. नंतर नुसतं "आज नाही."

मी तेव्हाही सांगू शकले असते. चूक त्याच आठवड्यात सांगितली असती तर मॅडमनी निदान पैसे परत बोलवायची विनंती लवकर पाठवली असती. मी मनात वाक्य तयार करून ऑफिसला जायची. काका, मला वाटतं नावात गडबड झाली असावी. "असावी" ठेवायचं की "झाली" म्हणायचं, एवढ्यावर माझी सकाळ जायची. मग काका डबा उघडून म्हणायचे, "ये गं, आज मटकीची उसळ आहे," आणि मी त्यांच्यासमोर बसून जेवायची. कदाचित तिथल्या बँकेत कुणी इतकं बारीक बघणार नाही, असं मी स्वतःला सांगत होते.

महिना संपला. शेडचा मालक तिला पंधरा-पंधरा दिवसांची मुदत वाढवून देत राहिला. तिनं त्यासाठी कानातले गहाण ठेवले, ते मला मिस्त्रींकडून कळलं. ती मिस्त्रींना व्हिडिओ कॉल करायची. भाषा नसताना दोघं काय बोलायचे देव जाणे, पण मिस्त्री फोन ठेवून थेट ऑफिसात यायचे.

"मॅडम, पैशाचं काय झालं? पोरगी मोकळ्या शेडात बसून हाय की. छिन्न्या घेऊन बसलीया."

"गेलेत मिस्त्री, वाटेत आहेत."

"वाटंत म्हंजे कुटं? बैलगाडीनं पाठवलासा काय?"

काका हसले. मीही हसले. 

पैसे परत आले ते सातव्या आठवड्यात, मधल्या बँकांचे पैसे कापून. कारणाच्या रकान्यात एवढंच होतं की लाभार्थीचं नाव खात्याशी जुळत नाही. काकांनी तो कागद दोनदा वाचला.

"काय बँका आहेत यांच्या. नवऱ्याचं नाव कळत नाही?" ते म्हणाले.

मालक बाहेर आले. त्यांनी कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "नाव कुणी भरलं?"

"मीच," मी म्हणाले. काकांनी हजेरीपट पुढे ओढला. मी त्यांच्यासाठी गप्प राहिले असं नाही. "काकांनी सांगितलं" म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की तुला माहीत नव्हतं काय. तो मला टाळायचा होता.

"बरं, परत भरा. नीट," मालक एवढंच म्हणाले. ते ओरडले नाहीत याचंच मला वाईट वाटलं.

त्याच दिवशी जयसिंगपूरचे एक व्यापारी ऑफिसात बसले होते. त्यांचा माल तिकडे जायचा. चहा पिता पिता ते म्हणाले, "कशाला बँकेच्या नादाला लागताय मालक? इथं माझ्याकडं रुपये द्या. तिथं माझा माणूस बाईच्या हातात बिर्र ठेवेल, तासाभरात. शिवाय बँकेपेक्षा जास्त मिळतील."

मालक म्हणाले, "तसलं आपल्याला नको. तिला पोलिसांनी धरलं तर?"

"कोण धरतंय."

"नको म्हटलं की."

मालकांचं बरोबर होतं. मला ते माहीत होतं आणि तरी मी दिवसभर त्या तासाचा विचार करत राहिले. एका तासात तिची शेड. सगळं चुकीचं असूनही तिला मिळाली असती.

दुसऱ्यांदा फॉर्म भरताना मी तिच्या पत्रावरचं नाव जसंच्या तसं घातलं. काका मागे आलेच नाहीत. पण आता मुंबईच्या शाखेनं विचारलं, एकाच खात्यासाठी आधी वेगळं नाव आणि आता वेगळं नाव का? ही एकच व्यक्ती आहे का? लेखी खुलासा द्या. खुलासा मी लिहिला. त्यात "टायपिंगची चूक" असे शब्द घातले. मालकांनी सही केली. मग शाखेनं करारावरची तिची सही मागितली, मग तिच्या ओळखपत्राची प्रत, मग त्या प्रतीचं भाषांतर. प्रत्येक गोष्टीला आठवडा. ती प्रत्येक कागद दुसऱ्या दिवशी पाठवायची. एकदाही तिनं विचारलं नाही की पहिल्यांदा काय चुकलं. मी सांगितलं होतं, "बँकेची अडचण."

याच काळात तिथल्या सरकारनं बिर्रचा भाव मोकळा सोडला. इतके दिवस तो बांधून ठेवलेला होता. भाव घसरला, सगळं महागलं, आणि शेडच्या मालकानं जुन्या आकड्यावर शेड द्यायला नकार दिला. नवा आकडा म्हणजे नवा करार, नवा करार म्हणजे बँकेची मंजुरी पुन्हा पहिल्यापासून. आमचे मालक म्हणाले, करूया. पण शेडवाला थांबला नाही. एका सकाळी तिचा फोटो आला. तीच शेड, आत छतापर्यंत प्लास्टिकच्या खुर्च्या, एकीत एक घातलेल्या. खाली काही लिहिलं नव्हतं.

त्यानंतर बारा दिवसांनी आमचे पैसे तिच्या खात्यात जमा झाले. जुन्या करारातलेच.

मॅडमचा फोन आला तेव्हा त्या खुशीत होत्या. "अभिनंदन. पोचले बघा."

मी काकांना सांगितलं. काका म्हणाले, "शेड नाही तर पैसे कशाला? परत पाठवायला सांग."

मी तिला लिहिलं. ती तिच्या बँकेत गेली. तिथे तिला सांगितलं की बिर्र देशाबाहेर जात नाहीत. परत पाठवायचे तर डॉलर लागतील, डॉलरसाठी अर्ज करावा लागेल, आणि अर्जांची रांग मोठी आहे. तिच्यासारखीला किती दिवस लागतील विचारल्यावर खिडकीतला माणूस हसला.

मी हे काकांना समजावलं. मला वाटलं निदान एवढं तरी ते समजतील.

"जायला येतात आणि यायला येत नाहीत? असं कुठं असतंय?" ते म्हणाले. "बाईनं पैसे दाबले म्हण सरळ."

"तसं नाही काका, तो त्यांचा नियम आहे."

"तू फार भोळी आहेस पोरी. लिही तिला, कडक."

कडक पत्र मी लिहिलं. इंग्रजीत. लवकरात लवकर, अन्यथा, नाइलाजानं, हे सगळे शब्द मला चांगले येतात. शाळेत औपचारिक पत्रलेखनाला मला नेहमी पूर्ण मार्क मिळायचे. ते गेल्यावर तिच्याकडून दोन दिवस काही आलं नाही. मग मिस्त्री आले. या वेळी ते खुर्चीवर बसले नाहीत.

"चोर म्हटलासा तुमी तिला?"

"तसं नाही म्हटलं, मिस्त्री," काका मध्ये पडले. "रीतसर पत्र आहे."

"रीतसर? आवो ती दिराकडं गेली परत. दारातच झाडू दिला तिच्या हातात. त्या दिराला कळलंय खात्यात पैसे हाईत, त्यो रोज मागतोय. ती एक बिर्र काढंना. परक्याचं हाय म्हणतीया. आनि तुमी तिला रीतसर लिवतासा."

"तिनं सांगितलं तुम्हाला हे? तिला मराठी कधीपासून यायला लागलं?" काका म्हणाले.

"रडायला भाषा लागत न्हाय," मिस्त्री म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

काका बराच वेळ पेन्सिलीला टोक करत बसले. मला वाटतं त्यांनाही काहीतरी कळलं होतं. पण त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा उघडून मला हाक मारली. मी भूक नाही म्हणाले.

त्या दुपारी तिचा मेसेज आला. मोठा होता, तिनं बहुतेक कुणाला तरी विचारून इंग्रजी नीट केलं होतं. त्यात तिनं पैसे परत करण्याचा अर्ज दिल्याचं लिहिलं होतं, अर्जाचा फोटो जोडला होता. खाली वेगळं एक वाक्य होतं. "सिस्टर, मी काय चूक केली? पहिले पैसे का परत गेले? मला समजलं तर मी दिराला सांगेन की चूक माझी नव्हती."

मी ऑफिसच्या मागच्या गॅलरीत गेले. खाली दवाखान्यात येणाऱ्यांच्या गाड्या एकीला एक खेटून लावलेल्या होत्या आणि कुणीतरी आपली गाडी काढायला बाकीच्या सरकवत होतं. मी लिहायला सुरुवात केली. आमच्याकडे बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव लावतात. आम्ही तुझंही तसं लावलं. तुझ्या बँकेचं पत्र माझ्यासमोर होतं. त्यावर बरोबर नाव होतं. मी ते पाहिलं होतं.

शेवटचं वाक्य मी दोनदा खोडलं. पण तिनं विचारलं होतं आणि त्याशिवाय उत्तर पुरं होत नव्हतं. पाठवलं.

ती तेव्हा मोबाइल हातातच धरून होती. लगेच उत्तर आलं.

"तू पाहिलं होतंस?"

मी लिहिलं, "हो."

दोन निळ्या खुणा आल्या. वर "टायपिंग" दिसलं, गेलं, पुन्हा दिसलं. मग गेलंच. मी गॅलरीत उभी राहिले. काही आलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. अर्जाचं काय झालं हे बँकेतल्या मॅडमना माहीत नाही, पैसे अजून तिथेच आहेत. काका महिन्यातून एकदा त्या पैशांची चौकशी करतात. तिच्या नावाऐवजी "ती बाई" म्हणतात.

त्या मेसेजनंतर आठवड्यानं मिस्त्री आले. गिरणीच्या सुट्या भागांचं पार्सल सोडवायचं होतं, त्याचा कागद त्यांनी काकांच्या टेबलावर ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, अक्का फोनच उचलंना. तीन दिस झालं. तुमचं काय बोलणं झालतं काय तिच्यासंगं?"

काकांनी मान वर केली.

"नाही," मी म्हणाले. "काही नाही."

मिस्त्री उभेच राहिले. हातातला मोबाइल त्यांनी एकदा पाहिला, शर्टाच्या खिशात टाकला.

"रेंज नसंल तिकडं," ते म्हणाले.